ओट्यावरचं मांजर, सोफ्यावरचा कुत्रा

जुन्या मराठी घरात दूध, दही, लोणी यांची भांडी शिंक्यात ठेवून वर टांगत. मांजराला कोणी काही शिकवायला जात नसे. भांडंच त्याच्या उडीपलीकडे असे. कधी दोर झिजून तुटला तर काय होई, ते ‘शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं साधलं’ या म्हणीत आहेच. कुत्र्याचा मुक्काम अंगणात, फार तर पडवीत. माजघरात त्याचं काही कामच नसे.

आता शिंकी गेली आणि शहरांतून अंगणंही गेली. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माणसं, कुत्रा आणि मांजर चोवीस तास एकत्र राहतात. जागांची जी वाटणी पूर्वी घराची बांधणीच करून देई, ती आता आपल्याला शिकवावी लागते. बहुतेक घरांत मात्र ती शिकवली जात नाही, नुसती ओरडून मागितली जाते. मग मांजर ओट्यावर, कुत्रा सोफ्यावर आणि माणसं त्यांच्या मागे, असं वर्षानुवर्षं चालतं.

या प्रकरणाचं सार आधीच सांगायला हवं. प्राणी वर चढतो, कारण वर त्याला काहीतरी मिळतं. ते मिळायचं बंद झालं आणि त्याहून चांगलं काही दुसऱ्या ठिकाणी मिळू लागलं, की तो जागा बदलतो. यातल्या दोन्ही गोष्टी कराव्या लागतात. नुसत्या बंदीने काम भागत नाही, आणि नुसत्या लाडानेही नाही.

वर असतं तरी काय?

घरातल्या मांजराचं मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात आहे, हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झालं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. इतक्या जुन्या सोबतीनंतरही मांजराचा स्वभाव रानमांजरापासून फारसा दुरावलेला नाही. उंदीर-पाखरं मारणारा हा छोटा शिकारी स्वतःही मोठ्या प्राण्यांचं भक्ष्य होत आला आहे. उंच जागा त्याला दोन्ही अंगांनी उपयोगी पडते: तिथून सावज दिसतं आणि शत्रू पोहोचत नाही. घरात पाहुणे आले, लहान मूल रांगायला लागलं किंवा दुसरं जनावर आलं, की मांजर फडताळाच्या डोक्यावर जाऊन बसतं ते याचसाठी.

शिवाय त्याला ऊब लागते. शरीराला जादा ऊर्जा खर्चावी लागू नये यासाठी मांजराला भोवतालचं तापमान साधारण 30 ते 38 अंश सेल्सिअस असावं लागतं. आपल्याला जिथे घाम फुटतो, तिथे ते सुखावतं. फ्रिजचा माथा, नुकतीच विझवलेली शेगडी, टेबलावरचा लॅपटॉप या त्याच्या आवडीच्या जागा कशा ठरतात, ते यावरून कळतं. ओट्यावर तर मोहाच्या कितीतरी गोष्टी: सायीसाठी जाळी झाकून ठेवलेलं दूध, सिंकमधलं माशांचं पाणी, ठिबकणारा नळ, खिडकीच्या कठड्यावर घुटमळणारी कबुतरं. आणि चढल्या चढल्या ‘अगं बाई, उतर!’ म्हणत धावून येणारं माणूस. दिवसभर एकट्या असलेल्या मांजराला ही धावाधावही हवीशी वाटू शकते.

कुत्र्याची ओढ वेगळी. सोफा मऊ असतो, पावसाळ्यातल्या गार फरशीपेक्षा उबदार असतो आणि मुख्य म्हणजे त्याला घरच्या माणसांचा वास येतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना जागेपणी एमआरआय यंत्रात स्थिर राहायला शिकवलं आणि त्यांना वेगवेगळे वास दिले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, मेंदूतल्या सुखद अपेक्षेशी निगडित भागाचा सर्वांत ठळक प्रतिसाद ओळखीच्या माणसाच्या वासाला मिळाला. आपण ऑफिसला गेल्यावर कुत्रा सोफ्यावरच्या आपल्याच नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन झोपतो, त्यामागे हेही एक कारण असावं. ओट्याला पाय लावून उभं राहण्यामागे मात्र निव्वळ अन्न असतं. माणसाच्या वस्तीभोवतीचं उरलंसुरलं खाऊनच कुत्र्याच्या पूर्वजांनी दिवस काढले आहेत.

सिंहासनाची खोटी गोष्ट

‘सोफ्यावर बसू दिलंत की कुत्रा स्वतःला घरचा मालक समजतो,’ हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं. त्याचं मूळ लांडग्यांच्या एका जुन्या अभ्यासात आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची वागणूक पाहून रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये कळपातल्या वर्चस्वाची मांडणी केली. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या 1970 मधल्या पुस्तकाने ‘अल्फा’ लांडग्याची कल्पना घरोघरी पोहोचवली.

पुढे मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाजवळच्या एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांचं निरीक्षण केलं. त्यांना दिसलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईवडील आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी लढाया चाललेल्या नसतात. आईवडील पुढे असतात आणि पिल्लं त्यांच्या मागे जातात. 1999 मध्ये त्यांनी ‘अल्फा’ हा शब्द या अर्थाने वापरू नये असं लिहिलं. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं, अशी विनंतीही त्यांनी स्वतःच प्रकाशकाला केली. चूक उघडपणे दुरुस्त करणाऱ्या या शास्त्रज्ञाचं कौतुक वाटतं. दुर्दैव एवढंच की चुकीची कल्पना जगभर गेली आणि दुरुस्ती मागे राहिली.

सोफ्यावर बसलेला कुत्रा सत्ता गाजवत नसतो. त्याला मऊ जागा मिळालेली असते. हे एकदा मनाने स्वीकारलं की राग उतरतो, आणि राग उतरला की शिकवणं सोपं जातं.

फळ मिळतं, म्हणून वागणं टिकतं

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक याने भुकेल्या मांजरांना लाकडी खोक्यांत ठेवलं. बाहेर खाणं, आत दोरीचा फास किंवा खिट्टी. मांजर ओरबाडायचं, चावायचं, धडपडायचं आणि केव्हातरी योगायोगाने खिट्टी निघून दार उघडायचं. पुढच्या खेपांना निरर्थक धडपड कमी होत गेली आणि शेवटी खोक्यात ठेवताच मांजर नेमकी तीच हालचाल करू लागलं. 1898 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून एक साधा नियम पुढे आला: ज्या कृतीचं फळ सुखाचं असतं, ती कृती पुन्हा होते.

पुढे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर याने या नियमाचे बारकावे शोधले. चार्ल्स फर्स्टर यांच्यासोबत 1957 मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातला एक निष्कर्ष आपल्या स्वयंपाकघराला नेमका लागू पडतो. बक्षीस प्रत्येक वेळी न मिळता अधूनमधून, अनिश्चितपणे मिळालं, तर सवय उलट जास्त चिवट होते. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस हरत असूनही पुन्हा घेतो, तसंच हे. ओटा नऊ दिवस लखलखीत होता आणि दहाव्या दिवशी सुक्या बोंबलाचा तुकडा राहून गेला, तर मांजराच्या लेखी ओटा अजूनही तपासून पाहण्याजोगा आहे. म्हणूनच ‘एखाद्या वेळी चालतं’ ही सवलत शिकवण्याच्या काळात सगळ्यांत महाग पडते.

आणखी एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. फळ मिळणं बंद झालं की सवय लगेच ओसरत नाही. आधी ती उसळी मारते. मांजर जास्त वेळा चढतं, कुत्रा सोफ्यापाशी भुंकतो, पंजाने ओरबाडतो. पुष्कळ घरं नेमकी इथे हार मानतात आणि ‘बस बाबा एकदाचा’ म्हणतात. त्यातून प्राणी एवढंच शिकतो की जास्त गोंगाट केला की मिळतं. उसळी येणारच, ती ओसरणारही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल तर हे दिवस निभावून नेता येतात.

स्किनरचेच विद्यार्थी असलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने जाहिरातींसाठी आणि खेळांसाठी अनेक जातींचे प्राणी शिकवले. 1961 मध्ये त्यांनी एक प्रांजळ लेख लिहिला. रॅकून या प्राण्याला नाणी डब्यात टाकायला शिकवलं, तर तो ती टाकण्याऐवजी एकमेकांवर घासत बसे, कारण अन्न हातात घोळवायची त्याची उपजत रीत आहे. डुकरं नाणी नाकाने उकरत आणि उडवत. बक्षिसाच्या बळावर निसर्ग पुसता येत नाही, हा या लेखाचा धडा. मांजराला ‘कुठेच चढू नकोस’ असं शिकवता येणार नाही. ‘इथे नको, तिथे चढ’ हे मात्र उत्तम शिकवता येतं.

हात उगारून काय होतं?

2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली होती, त्यांच्यापैकी 43 टक्क्यांनी त्यावर कुत्रा अंगावर आल्याचं सांगितलं. पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. धाकाने शिकवणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं आढळलं.

मारणं निरुपयोगी ठरण्याचं कारणही सरळ आहे. सोफ्यावर चढल्यावर अर्ध्या तासाने चापट बसली, तर त्या चापटीचा सोफ्याशी संबंध जोडणं कुत्र्याला शक्य नसतं. तो ती चापट तुमच्याशी जोडतो. मांजरावर पाण्याचा फवारा मारला, तर तुम्ही समोर असताना चढायचं नाही, एवढंच ते शिकतं. रात्री ओटा त्याचाच. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला मारहाण करून यातना देणं हा गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्यावं.

घरगुती उपायांपैकी काही तर सरळ घातक आहेत. मांजर येऊ नये म्हणून सोफ्याखाली डांबरगोळ्या टाकणं, ओट्याच्या कोपऱ्यात कापूर ठेवणं, फिनाइलने पुसणं हे प्रकार ताबडतोब थांबवावेत. डांबरगोळ्या आणि कापूर कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. फिनॉलयुक्त जंतुनाशकांचा धोका मांजराला विशेष मोठा, कारण अशी रसायनं निकामी करण्याची त्याच्या यकृताची क्षमता फार कमी असते. त्यात ते पंजे चाटतं, म्हणजे पुसलेल्या पृष्ठभागावरचं सगळं थेट पोटात जातं.

कुत्र्यासाठी: स्वतःची जागा

सुरुवात सोफ्यापासून करायचीच नाही, कुत्र्याच्या अंथरुणापासून करायची. जाड सतरंजी, जुनी गोधडी किंवा गादी घ्यावी आणि माणसं जिथे बसतात त्याच खोलीत ती टाकावी. बाल्कनीत हद्दपार केलेलं अंथरूण कुत्र्याला कधीच आवडणार नाही; त्याला आपल्या जवळ राहायचं असतं. त्यावर तुमचा एखादा वापरलेला सुती कपडा अंथरला तर उत्तम.

बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे पुरतात. कुत्र्याचा एक पाय जरी अंथरुणावर पडला, तरी त्याच क्षणी तुकडा द्यायचा. क्षण चुकता कामा नये. मग चारही पाय आल्यावर, मग बसल्यावर, मग आडवं झाल्यावर. तो आपणहून जाऊ लागला की ‘जागेवर’ हा शब्द जोडायचा. शब्द कोणताही चालेल, पण घरभर एकच. त्यानंतर हळूहळू वेळ वाढवायची आणि परिस्थिती अवघड करत न्यायची: तुम्ही सोफ्यावर बसला आहात, कोणी पोळ्या लाटतं आहे, दाराची घंटा वाजली आहे. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-पाच मिनिटं केलेला सराव तासभर चाललेल्या झटापटीपेक्षा बरा.

सोफ्यावर चढलाच तर पट्टा ओढून खाली खेचू नये. तुकडा दाखवून खाली बोलवावं, ‘खाली’ म्हणावं, पाय जमिनीला लागले की शाबासकी द्यावी आणि अंथरुणाकडे न्यावं. पण त्याच्या आधी ‘जागेवर’चा सराव भरपूर झालेला असावा; नाहीतर चढायचं, उतरायचं आणि तुकडा मिळवायचा, असा नवाच खेळ तो शिकेल. घरात कोणी नसताना सोफ्यावर उलट्या खुर्च्या ठेवाव्यात किंवा त्या खोलीचं दार लावावं. ओट्यावर खाण्याची एकही वस्तू नसणं, हा उंच कुत्र्यांवरचा सर्वांत मोठा उपाय.

कुत्रा सोफ्यावरून उठवताना गुरगुरत असेल, तर त्याच्याशी झुंजू नये. गुरगुरणं हा इशारा आहे. तो दडपला तर पुढच्या वेळी थेट चावा येतो. आधी दुखणं तपासून घ्यावं. सांधे, कान किंवा दात दुखत असलेला प्राणी हलवल्यावर चिडतोच.

मांजरासाठी: दुसरी उंची

मांजराला शिकवता येत नाही, ही समजूत अभ्यासांनी खोडून काढली आहे. 2017 मध्ये अमेरिकेत निवाऱ्यातल्या 100 मांजरांना दोन आठवड्यांत पाच-पाच मिनिटांच्या 15 शिकवण्या दिल्या गेल्या. शेवटी 79 टक्के मांजरं सांगितलेल्या वस्तूला नाक लावायला आणि 60 टक्के गोल फिरायला शिकली. जपानमध्ये अत्सुको सायतो यांनी 2019 मध्ये दाखवलं की घरची मांजरं स्वतःचं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. म्हणजे मनी ऐकत असते. तिने उठून यावं, असं काहीतरी आपल्याकडे असायला हवं.

स्वयंपाकघराच्या दारापाशी किंवा खिडकीशी ओट्याच्या उंचीचं किंवा त्याहून उंच स्टूल ठेवावं, नाहीतर भिंतीवर भक्कम फळी ठोकावी. त्यावर घोंगडीचा तुकडा घालावा. तिथून बाहेरचं दिसलं पाहिजे आणि घरचं माणूसही दिसलं पाहिजे. मांजर तिथे बसलं की तुकडा तिथेच द्यायचा. ओट्यावर आलं तर न बोलता, न रागावता उचलून खाली ठेवायचं किंवा स्टुलाकडे बोलवायचं. कुरवाळायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. स्वयंपाकाला लागण्याआधी त्याचं पोट भरलेलं असेल आणि दहा मिनिटं दोरीशी खेळून झालेलं असेल, तर अर्धी लढाई जिंकलेली असते.

ओट्याच्या कडेला काही दिवस दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावलेला पुठ्ठा किंवा ॲल्युमिनियम फॉइल पसरून ठेवता येते. हा पृष्ठभाग पंजांना नकोसा वाटतो, दुखवत मात्र नाही. आणि नकोसं करणारी वस्तू ओटा ठरते, तुम्ही नाही. पण बसायला दुसरी जागा दिल्याशिवाय हा उपाय करू नये.

सोफा ओरबाडण्याचं कारण निराळं. पंजाच्या गाद्यांमधल्या ग्रंथींतून मांजर आपला वास तिथे सोडतं, नखांचं जुनं आवरण काढतं आणि पाठ ताणून घेतं. काथ्याचा जाड दोर घट्ट गुंडाळलेला, अंग पूर्ण ताणता येईल इतका उंच आणि न डुगडुगणारा खांब सोफ्याच्या त्याच कोपऱ्याशी उभा करावा. मांजर तो नेमाने वापरू लागलं की रोज थोडाथोडा सरकवत हव्या त्या जागी न्यावा.

ओट्याचा नियम जीव वाचवतो

सोफ्याचा नियम आवडीनिवडीचा आहे. ओट्याचा नियम सुरक्षिततेचा आहे आणि तो प्रत्येक घरात असावा. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात; मांजराला तर थोडं प्रमाणही पुरतं. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट घातक आहे, आणि साखरविरहित च्युइंगगममधलं झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतं. शिजवलेली हाडं तुटून टोकदार होतात. तापलेल्या बर्नरवर पंजा भाजतो, आणि ओट्याला टेकलेल्या कुत्र्याच्या धक्क्याने गॅसचं बटणही फिरू शकतं. बाहेर जाताना सिलिंडरचा किंवा पाइपच्या गॅसचा मुख्य कॉक बंद करण्याची सवय लावून घ्यावी.

स्वच्छतेबद्दल घाबरून जाण्याचं कारण नाही, पण काळजी हवी. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी मांजराच्या विष्ठेतून पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मातीचा ट्रे रोज साफ करावा, गर्भवतीने ते काम दुसऱ्याला द्यावं आणि स्वयंपाकाआधी ओटा धुऊन घ्यावा.

आधी माणसांचं एकमत

शिकवणं फसतं ते बहुधा माणसांमुळे. आई ‘खाली’ म्हणते, बाबा ‘उतर’ म्हणतात, धाकटा रात्री हळूच कुत्र्याला पलंगावर घेतो आणि आजोबा जेवताना मायेने पोळीचा तुकडा पुढे करतात. आजोबांची माया तोडायची नाही. तो तुकडा त्यांनी अंथरुणावर बसलेल्या कुत्र्याला द्यावा, म्हणजे त्यांचा हातच शिकवणीला लागेल. कामाला येणाऱ्या मावशींनाही नियम सांगून ठेवावा. दिवाळीचा फराळ आणि श्रावणातला नैवेद्य यांची ताटं झाकून, कपाटात ठेवावीत. सोफ्यावर बोलावल्यावरच यायचं, असाही नियम करता येतो. तो चालतो, फक्त सगळ्यांनी तोच पाळायला हवा.

म्हातारपणी नियम सैल करावेत. ज्या कुत्र्याने जन्मभर अंथरूण पाळलं, त्याला संधिवात झाल्यावर फरशीवर झोपवण्यात काही अर्थ नाही. जाड गादी द्या, नाहीतर पायरी लावून सोफाही द्या.

घरात पिल्लू आणायचं ठरत असेल, तर ते येण्याआधी सगळ्यांनी एकदा बसून तीन गोष्टी ठरवा: त्याची जागा कोणती, शब्द कोणते आणि ओटा रिकामा ठेवण्याची जबाबदारी कोणाची. पिल्लू आधीच आलेलं असेल, तर आज संध्याकाळी बसा. प्राण्याला नियम सांगण्याआधी त्याला जागा द्या. जागा मिळालेला प्राणी नियम शिकतो.